उद्योग

खानापूरची कचेरी, आईच्या पेन्शनचा फॉर्म.
सगळा कन्नडात. नाव, गाव, वय जमलं.
शेवटी एक रकाना माझ्यासाठी होता,
तिथं अडलो. मुलाचा उद्योग.
आमच्याकडं हा शब्द रागावूनच येतो :
काय उद्योग करून ठेवलास रे?

लेखक असं लिहावं, मनात होतं.
कालच्या कवितेला नऊशे बदाम पडले होते,
दुबईहून कुणी लिहिलं, रडलो.
खिशात फोन अजून थरथरत होता.

बाहेर जांभळीखाली ओमाण्णा मुचंडीकर बसतात.
पत्र्याची पेटी, पेटीवर पाट, पाटावर कार्बन.
एक्याऐंशी सालापासून लोकांचे अर्ज लिहितात,
एकाही कागदावर त्यांचं नाव नाही.
ऐकतात मराठीत, लिहितात कन्नडात,
मधली वाट कुणाला दिसत नाही.

समोर कणकुंबीकडची एक बाई.
हत्तीनं भात तुडवलेलं.
ओमाण्णांनी पान भरलं, मग तिला उलट मराठीत वाचून दाखवलं :
“...पिकाचे अतोनात नुकसान झाले आहे.”
बाई गप्प.
मग म्हणाली, “तसं न्हवं ओ.
खाल्लं असतं तर काय वाटलं नसतं, त्येला बी पोट हाय.
खाल्लं न्हाई. नुस्ता चालून गेला.”

ओमाण्णांनी पान फाडलं.
कागद त्यांच्याच खिशातला.
चष्मा पुसला, आणि बराच वेळ काही लिहिलंच नाही.
पेन धरून रस्त्याकडं बघत राहिले.
बेळगावची बस आली, भरली, गेली.
मग एक ओळ.
वाचून दाखवली. बाईनं मान हलवली.
साहेब ती ओळ वाचणार नाहीत
हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी येऊन आईला म्हटलं, ऐक, तुझ्यावर लिहिलंय.
आईचे हात, तव्याचे चटके, भाकरीचा चंद्र.
शेजारच्या बाईबद्दल ऐकावं
तशी ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.
“बरी हाय की,” म्हणाली. “कुणाची आई ही?
मला भाकरी कधी धड थापाय आली काय?
तुझी आत्ती करायची.
हे चटके कौलाच्या भट्टीचे.
निवायच्या आधीच उतरवाय लावायचा मुकादम.”
आणि तळहात माझ्यापुढं धरला.
करंगळीच्या बुडाशी
कौलावरच्या छापातलं एक अक्षर,
उलटं उमटलेलं.
कुठल्या लिपीतलं, ते आता ओळखू येत नाही.
चाळीस वर्षं त्या हातानं मला जेवायला वाढलंय.

फोन थरथरला. नऊशे एक.
पुसून टाकावी का, ठरेना.
“मग कसं होतं तिथं?” मी विचारलं.

“सांगते,” ती म्हणाली,
“पण पयला तो फॉर्म दे हिकडं.
ह्यो रकाना का मोकळा ठेवलास?”