ओळंबा

मानेवाड्याच्या टपरीवर पक्या विचारतो,
काय करून राहिला बे तिकडं?
मी पोह्यांवर आणखी तर्री ओतून घेतो.
तोंड भाजलं की उत्तर थोडं लांबतं.
मोनाली दवाखान्यात आहे, म्हणतो.
ते माहीत आहे बे. तू?

मी.
फॉर्ममध्ये माझ्यासाठी एक शब्द आहे,
तिच्या नावाखाली, किंचित आत सरकवलेला:
अवलंबित.
तिची नोकरी तोवर तिचा व्हिसा,
तिचा व्हिसा तोवर माझा,
आणि माझा आहे तोवर मला
भाजी आणता येते, दारातला बर्फ उपसता येतो,
तिचा डबा भरता येतो.
विटेवर वीट ठेवून पैसे घेता येत नाहीत.

वर्धा रोडवरच्या सतरा खांबांच्या कागदांवर
माझी सही आहे, काँक्रीट तपासल्याची.
तिकडे पहिली दोन वर्षं
मी फक्त भाड्याच्या घरातला ओटा मोजला.
डावीकडे चार मिलिमीटर उतरता.
कुणी विचारलं नव्हतं.

मग कार्ड आलं.
एवढंसं, मेट्रोच्या पासासारखं,
त्यावर माझा फोटो, डोळे ताणलेले,
आणि काम करायची परवानगी, अमुक तारखेपर्यंत.
चौदा महिने मी साइटवर गेलो.
माझे चिखलाचे बूट दाराशी, तिच्या पांढऱ्या बुटांना लागून.
रात्री दोघांच्या पाठी दुखायच्या
आणि कुणाची जास्त, यावरून आम्ही भांडायचो.
हे सुख आहे, हे तेव्हाही कळत होतं.

फेब्रुवारीत तारीख संपली.
नवं कार्ड छाननीत. म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही.
साहेब भला माणूस. म्हणाला,
उद्यापासून ईमेलही उघडू नकोस.
जिना निम्मा काढून झाला होता नकाशात.
अजून कुणी वर पोचलं नसेल.

आता पासपोर्ट मुंबईला गेलाय, शिक्क्यासाठी,
आणि मी इथे, बाबांच्या मोतीबिंदूच्या निमित्ताने.
पंचेचाळीस अंश. कूलरचं पाणी दोनदा भरून झालं.
आई शेजारच्या निखारेबाईंना सांगते, सुट्टीवर आलाय.
सुट्टी हा शब्द ती जरा मोठ्यानं म्हणते.

बाबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं.
ऑपरेशनचा काळा चष्मा लावून खाटेवर बसलेत.
कामाले कागद लागते तिथं?
लागते.
हात नाही पाहत कोणी?
पाहतात ना, ठसे घ्यायला.
ते हसतात. मग हसत नाहीत.

न्हाणीची भिंत अर्धी पडून आहे,
मिस्त्री बालाघाटला गेला, लग्नाला, परतला नाही.
डोळ्यात धूळ जाता कामा नये, डॉक्टरनं बजावलंय,
म्हणून बाबा सावलीत आणि दोरी माझ्या हातात.
ओळंबा तोच, जुना, हातांनी गुळगुळीत झालेला.
सोडला की हेलकावत सुटतो.
बाबा चष्मा उचलून बऱ्या डोळ्यानं बघतात.
काही करू नको. धरून राह्य नुसता.
त्याले थांबू दे.
तो थांबतो.
पाय कुठेच टेकलेला नाही त्याचा,
आणि भिंतीला ऐकावं लागतं त्याचंच.

संध्याकाळी बाबा आठशे रुपये पुढे करतात.
नको म्हटलं तर, घे बे,
इथं नाही विचारत कोणी.

रात्री फोनवर मोनालीला सांगतो, तिच्या सकाळी:
अवलंबित आणि ओळंबा,
दोन्ही शब्द एकाच घरातले असतील, नाही?
ती बूट घालत असावी. छान आहे, म्हणते.
टपाल आलंय, पण विजेचं बिल आहे.
दार उघडल्याचा आवाज. मग परत तिचा:
तुझा तो ओटा खरंच उतरता आहे रे.
काल अंडं ठेवलं, गेलं घरंगळत.
फुटलं?
नाही. पकडलं.