ग्विलिमची पाळी

विहंग सातवा भाग खेळतो आहे.
त्याच्या पडद्यावर ढग सरकतात, गहू वाऱ्याने लवतो,
समुद्र इतका खरा की जीभ लावली तर खारट लागेल.
सल्लागार बाई कमरेवर हात ठेवून सांगते:
इथे शहर वसवा, फायदा चौदा टक्के.
"आई, तुमचा दुसरा भाग म्हणजे नुसते चौकोन गं."
बरोबर आहे त्याचं.
आमचं जहाज अकरा ठिपक्यांचं होतं,
त्यातले तीन शीड.

याच गावात, हलमध्येच,
न्यूलँड अ‍ॅव्हेन्यूमागच्या गल्लीत, दोन हजार एकचा हिवाळा.
तिघांत एक संगणक, दोन खुर्च्या, एक उलटी बादली.
जिन्याखालचा मीटर पाउंडाचं नाणं गिळून वीज द्यायचा
आणि ऐन वेढ्यात संप पुकारायचा.
काळोख.
काळोखात टेमिटोपेचा आवाज: "सेव्ह केलं होतं का कुणी?"
कुणीच केलेलं नसायचं.
तीनशे वर्षं बुडाली एका नाण्यापायी,
आणि आम्ही गॅसच्या निळ्या उजेडात
डब्यातले बीन्स ढवळत
बुडालेल्या राजधान्यांची नावं आठवायचो.

पहिले दोन महिने मी कच्चं लिंबू.
माझ्यावर चढाई करायची नाही, असा दोघांचा तह होता.
तिसऱ्या महिन्यात तो मीच मोडला.

ज्याची पाळी, तो एकटा पडद्यासमोर.
बाकीच्यांनी तोंड खिडकीकडे फिरवायचं, हा नियम.
खिडकीत काय, तर शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा
आणि त्यावर कायमची ओली एक मांजर.
ती मांजर मला पाठ आहे,
कारण ग्विलिम एका पाळीला चाळीस मिनिटं घ्यायचा.
विहीर कुठे, वेस कुठे,
चार सैनिकांना थंडीत कुठे उभं करायचं,
सगळ्याचा त्याला घोर.
एकदा वैतागून मी सांगितलं:
आमच्याकडे लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं
त्याने डोळे मिटून शंभर मोजायचे असतात.
राज्य म्हणजे शिक्षा, कळलं?
तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला,
"मग साम्राज्य म्हणजे जन्मठेप."

तिसरा भाग आला तेव्हा टेमिटोपे लागोसला परतला होता.
चौथा मी एकटीने खेळले, गरोदरपणात, रात्री.
सहावा घेतला, उघडलाच नाही.

मला चौकोनांचं काही नाही, विहंग.
मला तो काळा रंग हवा आहे.
न पाहिलेला मुलूख तेव्हा काळा असायचा, निव्वळ काळा.
तुमच्यात तिथे जुनं कातडं रंगवतात,
कोपऱ्यात नक्षीदार देवमासा.
ठाऊक नसण्यालाही आता झालर.
खेळ चांगला होता की आमचं तेविसावं वर्ष,
हे मात्र विचारू नकोस.
टाइम प्लीज.

रविवारी माळ्यावर एक फ्लॉपी सापडली,
टेमिटोपेच्या अक्षरात: "हात लावू नका".
विहंगने हात लावला.
दोन तास कुठून कुठून काय काय जोडून
त्याने ती बोलती केली.
पडदा काळा. मधोमध पांढरी अक्षरं:

ग्विलिमची पाळी.
इतरांनी पाहू नये.
तयार असल्यास कळ दाबा.

बावीस वर्षं थांबलाय हा डाव.
चार सैनिक अजून थंडीत उभे असतील.
ग्विलिमचं शेवटचं पत्र कार्डिगनहून आलं होतं:
नवं घर, भिंतींना ओल, एक भाड्याची होडी.
त्यापुढचा मुलूख काळाच आहे.

"दाबू?" विहंग विचारतो.
माझी खुर्ची तोवर खिडकीकडे वळलेली असते,
मी वळवली असं आठवत नाही.
बाहेर कचऱ्याचा डबा. मांजर नाही.
थांब, म्हणते,
त्याला वेळ लागतो.