धार मारणे

भोसरीत, टी ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
आमच्या शॉपमध्ये एक पाटी होती : 'काम हीच पूजा.'
मालकांनी ती दसऱ्याला लावली
आणि त्या दिवाळीला बोनस दिला नाही.
काळोखेमामांनी पाटीच्या खिळ्याला
डब्याची पिशवी अडकवली.
बोलले काही नाहीत.

मी नवा. आयटीआयच्या सर्टिफिकेटची घडीसुद्धा मोडली नव्हती.
दिवसाला ऐंशी बुश काढायचो, मोजून दाखवायचो.
मामा पासष्टावर थांबायचे.
एकदा त्यांनी माझा एक पीस उचलला,
माप घेतलं नाही,
आतल्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं
आणि बोट माझ्यापुढे धरलं.
केसाएवढी लाल रेघ.

"मामा, ही कड ड्रॉइंगमध्ये नाही."
"ड्रॉइंगला बोटं नसतात.
तिकडे चाकणला हे कुणीतरी बसवणार.
बाई असेल, पोरगं असेल, तुझ्यासारखंच घाईत.
धार मार."

लावायची नाही, मारायची.
कानशीचे दोन हलके हात. बारा सेकंद.
मी मनातल्या मनात हिशेब केला :
ऐंशी गुणिले बारा, सोळा मिनिटं.
सोळा मिनिटांचे पैसे कोण देणार?

कुणी दिले नाहीत. अजून देत नाहीत.

चारचा भोंगा झाला की मात्र मामा
चकमध्ये नवा पीस धरायचे नाहीत,
मालक स्वतः येऊन उभे राहिले तरी.
कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे.
"आठ तास दिले ते पुरते दिले.
बाकीचे गुलछडीचे."
मोशीत त्यांची दोन गुंठे गुलछडी होती.
सकाळी कामावर येताना
त्यांच्या अंगाला कूलंटच्या आधी तिचा वास यायचा.

रिटायर झाले त्या दिवशी
शेवटच्या पीसचं बोअर दहा माइक्रॉन मोठं निघालं.
इन्स्पेक्शनचा निहाल हसला, "चालतंय हो मामा, आजच्या दिवस,"
आणि हिरवा शिक्का उचलला.
मामांनी लाल रंगाचा ब्रश मागून घेतला.
फुली मारली.
स्क्रॅपच्या पेटीत ठण्ण झालं.
मग शाल, नारळ, फोटो.
फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत,
मामा पेटीकडे.

चाकणहून कुणाचा फोन येत नाही.
न कापलेल्या बोटाची खबर कोण कशाला देईल?
मी आता दिवसाला बहात्तर काढतो.
कधी एकाहत्तर.