भानस

मुहर्रकमध्ये, समुद्रभिंतीमागच्या गल्लीत,
एसीच्या गुरगुरीत मी लॅटिन वाचते.
कळत एक शब्द नाही.

करारात होतं: इन्सुलिन, रक्तदाब,
आंघोळ, दर दोन तासांनी कूस बदलणं.
पुस्तकांचं काहीच नव्हतं.
पण उस्ताद शाहीन यांचे डोळे गेलेले,
आणि फळीवर भिंतभर रोम.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी चाचपत एक जाडजूड काढलं.
"अक्षरं ओळखतेस ना, नातलीन? वाच मग."
मी इंग्रजीसारखं वाचलं.
त्यांनी कान झाकले,
खरंच, दोन्ही हातांनी,
मागे घेणाऱ्या ट्रकसमोर झाकावेत तसे.

मग ते बोलायचे, मी लिहून घ्यायचे
साखरेच्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर
देवनागरीत.
जिथे आवाज लांबतो तिथे काना,
तिथे दुसरी वेलांटी.
ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत इतक्या पट्ट्या खाल्ल्या,
कामाला आलं ते इथे,
एका मेलेल्या भाषेत.

आणि एका रात्री बोटं आपोआप टेबलावर:
थाप, टिचकी टिचकी,
थाप, टिचकी टिचकी.
हे तर मला येतं!
निर्मळची शाळा, फळ्यावर घोन्साल्वीस बाई,
यमाताराजभानसलगा.
"भानस भानस भानस भानस भानस,"
मी मोठ्यांदा म्हणाले,
"आणि शेवटी दोन जड पावलं."
उस्ताद उठून बसले. आधाराशिवाय.
"हे तुला कोणी शिकवलं?"
मराठीच्या तासाला, म्हटलं. पास होण्यापुरतं.
(भानस म्हणजे चुलीची जागा, हे नाही सांगितलं.
आमची चूल आता कोण पेटवतं
हेही नाही.)

त्यानंतर ते अर्थ देऊ लागले, औषधासारखा,
अर्धा अरबीत, अर्धा हिंदीत.
एका पुस्तकात नुसती शेती: नांगर, वेली, मधमाश्या.
मला आमची पानवेल आठवली, विकलेली.
एकात माणसांची झाडं होतात,
धावता धावता पाय रुजतात, बोटांना पालवी.
दुबईच्या विमानात माझ्या शेजारी बसलेली बाई
तशीच होती, खुर्चीला मुळं फुटलेली.
एकात नोकर मालकापेक्षा हुशार;
ते ऐकून स्वयंपाकी बरकतअली दाराशी इतका हसला
की भात लागला.
आणि एक कवी, दूर थंड समुद्रकाठी काढून दिलेला,
मरेपर्यंत परतीचे अर्ज लिहीत राहिला.
छंदात.
"मंजूर झाला?" मी विचारलं.
उस्तादांनी मान हलवली.
माझाही एक होता, मार्चमधला, सात दिवसांच्या रजेचा.
मंजूर झाला, पण एजन्सीतून कागद यायला नऊ दिवस लागले,
आणि बाबांना तोवर मातीत ठेवून
भाऊ नोकरीवर परतला होता.

पेटलेल्या शहरातून बापाला खांद्यावर घेऊन
एक जण निघतो, असं ते म्हणाले
तेव्हा मी त्यांना खुर्चीतून पलंगावर नेत होते.
डावा हात पाठीखाली, उजवा गुडघ्यांखाली,
एक दोन तीन, उचल.
अडुसष्ट किलो.
"जड होतो का गं त्याला?" मी धापा टाकत विचारलं.
"त्याबद्दल लिहिलेलं नाही," उस्ताद म्हणाले,
माझ्या मानेशी, श्वासाला वेलदोड्याचा वास.
थोड्या वेळाने: "लिहायला हवं होतं."

हल्ली ते वाचता वाचता झोपतात.
भरतीचं पाणी भिंतीशी येतं, वाजत नाही.
झोप कुठली आणि दुसरं काय कुठलं
हे नाडी न धरता कळावं म्हणून
मी एक युक्ती केलीये.
मध्येच मुद्दाम चुकते.
दीर्घाचं ऱ्हस्व करते, एखादीच वेलांटी,
आणि वाट बघते.
अंधारातून येतं, चिडकं, खरखरीत:
"दीर्घ! दीर्घ!"
मग मी पान उलटते.

आज तीनदा चुकले.
एसी बंद केला आहे, नीट ऐकू यावं म्हणून.
चौथ्यांदा वाचते
थाप, टिचकी
आणि थांबते.