दर्या नव्हे, दऱ्या

फैजपूरच्या बसस्टँडमागे माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, केळी गटांची पावतीपुस्तकं,
आणि वर्ष सरताना शाळांचे तक्ते.

एका तक्त्यावर छापून गेलं: सातपुड्यातील खोल दर्या.
गुरुजी म्हणाले, "भंगाळे,
पालच्या वर समुद्र कधी आला भो?
बंदर बांधलं का?"
मी दऱ्याच टाइप केलं होतं.
पडद्यावरही दऱ्या.
कागदावर उतरता उतरता पाणी भरलं.

त्याच आठवड्यात भंडाऱ्याच्या हिशेबात
भरिताच्या आचाऱ्याचे पाचशे
आचार्याचे पाचशे झाले.
लोटू आचारी खूश. पदवी चढली, मजुरी तीच.

सॉफ्टवेअर फुकटचं. धर्माच्या गाईचे दात
कोण मोजतं, म्हणून मी गप्प होतो.
प्रोजेक्टची बाइंडिंग करायला आलेली नसीमा तडवी म्हणाली,
"काका, ही गाय वेगळी.
हिचे दात मोजायचे. पडला असेल तर बसवायचाही."
"कुणाला विचारून?"
"आत शिरायला विचारावं लागत नाही.
बदललेलं परत ठेवताना विचारायचं."

आधी नुसतं वाचलं, चार रात्री.
सात वर्षांपूर्वी कोणीतरी हीच तक्रार लिहून ठेवलेली,
खाली रांग: माझ्याकडेही, माझ्याकडेही,
माझ्याकडेही.
त्या रांगेत उभं राहायचा मोह झाला, खरं सांगतो.

मग आमची एक प्रत काढली, हवी तशी उसवायला.
लाइट जायची. नसीमा मोबाइलच्या उजेडात
वहीवर बाण काढत बसायची.
सापडलं ते असं:
र आणि य यांच्या मध्ये एक खूण असते,
न दिसणारी, शून्य रुंदीची.
छापायला पाठवताना कोणीतरी नेमलेला झाडूवाला
तिला कचरा समजून झाडून टाकत होता.
आम्ही एवढंच लिहिलं: हिला राहू दे.
एक ओळ.

तालिन नावाच्या गावाहून मार्गुसचं उत्तर आलं.
मला दोन्ही शब्द सारखेच दिसतात. फरक काय?
मी लिहिलं, नसीमानं इंग्रजी केलं:
एकात मीठ असतं.
दुसरीत हिचे मामा डिंक गोळा करतात.

त्याला पटलं. तरीही परत पाठवलं.
चाचणी जोडा, दहा शब्दांची.
पुन्हा परत. जाता जाता दुसरं काहीतरी नीट केलंत,
ते वेगळं पाठवा, एका वेळी एकच.
तिसऱ्यांदा परत आलं, एका स्वल्पविरामासाठी.

नसीमाचा चेहरा पडला.
मी तिला खिळे जुळवायच्या दिवसांतलं सांगितलं,
लाल पेनानं भिजून आलेली प्रुफं.
पोरी, हा माणूस वाचतोय.
न वाचणारा लगेच छान म्हणतो.

दहा शब्द शोधताना मजा आली.
वाऱ्या, तऱ्हा, कोऱ्या, पायऱ्या,
आणि तिचा हट्ट म्हणून, भाकऱ्या.
त्या परक्या गावच्या यंत्रात आता
रोज कोणी ना कोणी आमच्या भाकऱ्या तपासतं,
चव न कळता.

एका मंगळवारी घेतलं त्यांनी.
ढोल नाही, ताशा नाही. एक हिरवी खूण.
तक्ता मी पदरच्या कागदावर पुन्हा छापला,
पालच्या वरचा समुद्र ओसरला.
गुरुजींनी जुनाच लावून ठेवलाय, पोरांना आवडतो म्हणून.

आणि काल लोटू आला, नवं बिल हातात धरून.
उजेडाकडे नेऊन वाचलं त्यानं.
"मले परत आचारीच केलं का भो?"