पाच सतरा

सकाळी पावणेसातला माझी पाच मिनिटं असतात,
बातम्या संपल्यावर, भाजीचे भाव सुरू होण्याआधी.
'आजच्या दिवशी.'
चार घटना, तीन वाढदिवस. नियम स्टेशनचा,
माझ्या आधीच्या माणसानं घालून दिलेला.
तो गेला तेव्हा त्यालाही यादीत जागा मिळाली नाही.

एकवीस वर्षं तारखांचं दळण दळतोय.
तारीख म्हणजे धर्मशाळा :
कोण कधी उतरून गेलं, एकमेकांना पत्ता नाही,
खाट मात्र तीच.

जुलैच्या सव्वीसला हात अडखळतो.
अठराशे सत्तेचाळीस : लायबेरिया स्वतंत्र.
एकोणीसशे पासष्ट : मालदीव.
दोन हजार पाच : समुद्रकाठच्या दूरच्या एका शहरात
एका दिवसात नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर पाऊस.
(आकडा तीनदा तपासला. आमच्या स्कोप्येत
एवढं पडायला दोन वर्षं लागतील.)
आणि त्रेसष्ट.
त्रेसष्ट वाचावं लागत नाही.
जुन्या रेल्वे स्टेशनच्या भिंतीवरचं घड्याळ
तेव्हापासून पाच सतराच सांगतंय.

खालच्या बेकरीतली दोस्ता त्याच पहाटेची.
पाच दहाची.
'सात मिनिटं मी अख्ख्या शहरात राहिले,'
म्हणते, आणि हातावरचं पीठ झटकते.

तीन मुलींवर चौथी.
बापानं, नाउमनं, नाव आधीच ठरवलं होतं.
दोस्ता : आमच्या भाषेत 'पुरे'.
पुरे झाल्या मुली, देवा, आता हात आखड.

मग पाच सतरा झाले,
आणि प्रसूतिगृहाचा जिना जिना राहिला नाही.
नाउम विटांच्या ढिगावर गुडघे टेकून ओरडत होता,
दोस्ता! दोस्ता!
सैनिक, पाववाले, अंगात नुसती बंडी घातलेला एक पाद्री,
सगळ्यांना वाटलं, हा जमिनीला सांगतोय :
पुरे! पुरे कर!
मग तेही ओरडायला लागले.
तिला पहिली हाक मारली
तिला न ओळखणाऱ्या चाळीसेक माणसांनी.

दुपारी सापडली, आईच्या कुशीत, धुळीनं पांढरी.
थोरली बहीण राइना घरी झोपली होती.
तिच्याबद्दल दोस्ता एवढंच सांगते
की तिला कलिंगड आवडायचं.

म्हणून केक नाही.
त्या दिवशी मेणबत्त्या चर्चमध्ये लागतात,
जिवंतांच्या वर, गेलेल्यांच्या खाली वाळूत.
वरची ती लावते घाईघाईनं,
कुणी चोरी पकडेल अशी.
खालची सावकाश.

परवा विचारत होती :
'कुझमान, त्या पावसाच्या शहरात
त्या रात्री कोण जन्मलं?'
म्हटलं, अशी नोंद नसते.
'एखादी बाई अडली असेलच की,
कुणाच्या माळ्यावर, शाळेच्या टेबलावर.
त्या पोराचा केक कापतात का, तेवढं कळव.'

मला काहीतरी द्यायचं होतं तिला.
म्हटलं, तुझ्याच दिवशी, दुपारी,
अमेरिकेतून एक उपग्रह सुटला,
पृथ्वीच्या चालीनं चालणारा पहिलाच.
'पडला नाही?'
नाही.
'अजून आहे वर?'
आहे. बंद पडलाय, पण आहे.
'म्हणजे आपल्या घड्याळासारखा,' ती म्हणाली,
आणि गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे मोजून दिले.

आज चार घटना वाचल्या. पाचवीही वाचली.
तीन वाढदिवस : एक नाटककार, एक मनोवैज्ञानिक,
एक खेळाडू.
चौथ्याला तोंड उघडलं, आणि नाव आलंच नाही.
आलं असतं तरी ऐकणाऱ्यांना वाटलं असतं,
हा म्हणतोय, पुरे.

सहा सेकंद. सात.
काचेपलीकडे स्लाव्काचा हात बटणाकडे गेला.

मग भाजीचे भाव.
टोमॅटो, काकडी, लांब मिरची.
कलिंगड, किलोला अठरा देनार.