कोपऱ्यातला आकडा

सोहार बंदरामागे स्मेल्टरचा कॅम्प,
ब्लॉक सात, खोली बावीस.
गुरुवारची रात्र. उद्या जुम्मा, सुट्टी.
शिबू खालच्या बंकवर,
रोडेल जिन्याखाली, जिथे वायफाय धड येतं,
मी एसीच्या पाण्याच्या बादलीशेजारी.
आम्ही निळे.

नकाशावर बोट ठेवलं की कोपऱ्यात आकडा यायचा:
खिंडीत निळे चाळीस, तांबडे दोनशे दहा.
एवढं वाचलं की पुढचं ठरलेलं.
चाळिसांचे पस्तीस. कुणाचा चहा उतू जातो,
कुणाला बायकोचा फोन येतो.
पस्तिसांचे बारा.
आणि तिकडे तांबड्यांत भर, कारण
जिंकत्या वरातीत नाचायला कुणाला आमंत्रण लागतं?
तलवार उपसायच्या आत लढाई संपलेली,
आम्ही नुसती वजाबाकी बघत बसायचो.

खालिद मुकादम, दापोलीकडचा, क्रेनवर असतो,
तो तर उघडच सांगायचा:
मी बाजू बघत नाही, बेरीज बघतो.
त्याची तिन्ही रंगांत खाती.
वाईट माणूस नव्हे. माझ्या तापात
तीन रात्री त्यानेच पेज करून आणली.

मग मार्चमध्ये गेमवाल्यांनी आकडा काढून टाकला.
खिंड, पूल, टेकडी,
आणि आकड्याच्या जागी वाळूच्या रंगाचा चौकोन.
पहिल्या रात्री सगळे चाचपडले,
जिना संपला तरी पाय एक पायरी शोधतो तसे.
किती आहेत? रोडेल जिन्याखालून ओरडला.
माहीत नाही.
आपण किती?
तेही माहीत नाही.
आणि गंमत म्हणजे कुणी गेलं नाही.

मला चौथीतला इतिहास आठवला,
बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते,
रानातून धावणारा उजेड
आणि त्याच्यामागे निघालेली फौज.
म्हटलं, प्रत्येकाने टेकडीवर पाच शेकोट्या लावा
आणि खाली येऊन गप्प बसा.
लाकडं संपली. शिबूने आपला तंबू जाळला,
चौदा महिने नाणी साठवून घेतलेला.

तांबडे पुलापलीकडे थांबले.
एक वाजला. दोन.
त्यांच्यातला एक पुढे आला,
पुलाच्या मध्यावर उभा राहिला, मागे गेला.
प्लांटचा भोंगा झाला, कुणाची तरी शिफ्ट बदलली,
ते थांबलेलेच.
अडीचला वळले.

सकाळी हिशोब जाहीर झाला.
निळे एकोणीस.
तांबडे एकशे शहाऐंशी.
शिबू हसत सुटला, मला मात्र घाम फुटला.
झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणते.
पण आत काय आहे
ते आमच्या हातालाही ठाऊक नव्हतं,
नाहीतर एकोणीस जण थोडेच थांबलो असतो!

तक्रारी झाल्या. ही काय आंधळी कोशिंबीर, म्हणाले.
मे महिन्यात आकडा परत आला, जाड अक्षरांत.
पहिल्याच गुरुवारी: निळे तीन.
खालिद जिन्यावरून जाताना डोकावला,
माझ्या पडद्याकडे बघितलं,
काही न बोलता वर गेला.

कॅम्पाच्या गेटवरही पाटी आहे,
वॉचमन रोज खडूने लिहितो: आज हजर.
जानेवारीत अकराशे चाळीस.
आता सहाशे बारा.
कुणी काही बोलत नाही,
येताजाता फक्त मान वर करून वाचतात,
आणि रात्री भिंतींतून
चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येतो,
खोक्यावर खोकं.
रोडेल जूनमध्ये गेला. शिबू परवा.

काल आईचा फोन होता.
खोलीत किती जण रे आता तुम्ही?
बरेच आहोत, म्हटलं,
आणि बोलता बोलता हात लांब करून
खालच्या बंकवरचा दिवा लावला.